प्ल्यूस-क-पार्फॅ: नियमित फ्रेंच क्रियापद चालवायचं कसं, आणि 'काल गेलो होतो' तिथे का चालत नाही

प्रश्न वेंगुर्ल्याहून आला आहे. विचारणाऱ्यांचा होमस्टे आहे. गोव्याहून वर सरकणारे फ्रेंच पाहुणे त्यांच्याकडे उतरतात, म्हणून त्यांनी फ्रेंच शिकायला घेतलं आणि आता ते डेल्फ बी1 या फ्रेंच भाषेच्या परीक्षेला बसणार आहेत. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. नियमित क्रियापद प्ल्यूस-क-पार्फॅ या काळात ('बोललो होतो' अशा पूर्ण भूतकाळात) सगळ्या पुरुषांत कसं चालवायचं? आणि 'मी काल गोव्याला गेलो होतो' हे वाक्य त्यांनी याच काळात लिहिलं तर त्यावर लाल रेघ का आली, मराठीत तर ते अगदी बरोबर आहे?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. रूपं दोन तासांत पाठ होतात. मराठी माणूस घसरतो तो दुसऱ्या जागी: हा काळ नको तिथे वापरतो आणि हवा तिथे विसरतो. दोन्ही चुका मराठीच्या सवयीतूनच येतात, म्हणून त्यावर जास्त लिहितो. पण आधी रूपं.

उच्चार देवनागरीत देतो आहे, तेव्हा खुणा ठरवून घेऊ. 'ज' म्हणजे 'बोंजूर'मधला ज. 'झ' म्हणजे 'झाड'मधला झ, 'झेंडा'तला नव्हे. 'यू' ओठांचा चंबू करून 'ई' म्हणावं तसा. अक्षरावर ॅ दिसला की तो उघडा ए, नुसती मात्रा असली की मिटलेला ए. ज्यांच्या घरी कोकणी बोलतात त्यांच्या कानाला हे दोन ए वेगळे ऐकण्याची सवय असते. बाकीच्यांनी मुद्दाम ऐकून घ्यावेत, कारण 'पार्ले' आणि 'पार्लॅ' ही फ्रेंचमध्ये दोन वेगळी रूपं आहेत. स्पेलिंग जिथे हमखास चुकतं तिथे अक्षरं सुटी करून, त्यांच्या इंग्रजी नावांनी सांगेन.

या काळाचे दोनच भाग. सहायक क्रियापद 'आव्वार' (जवळ असणे) किंवा 'ऍत्र' (असणे), ते आंपार्फॅ काळात, म्हणजे 'बोलायचा'सारख्या अपूर्ण भूतकाळात. आणि त्यापुढे मुख्य क्रियापदाचं पार्तिसीप पासे, म्हणजे भूतकाळवाचक धातुसाधित. मराठीत 'विकलं' अधिक 'होतं', तसंच. फक्त फ्रेंचमध्ये 'होतं' आधी येतं. पुरुष आणि वचन बदललं की बदलतो तो पहिला भाग. दुसरा जागचा हलत नाही (त्याचे अपवाद पुढे येतील, आणि ते फक्त लिहिण्यातले आहेत).

'पार्ले', म्हणजे बोलणे, असं चालतं:

जावॅ पार्ले: मी बोललो होतो
त्यू आवॅ पार्ले: तू बोलला होतास
इलावॅ पार्ले, एलावॅ पार्ले: तो, ती
नू झाव्यों पार्ले: आम्ही, आपण
वू झाव्ये पार्ले: तुम्ही
इल झावॅ पार्ले, एल झावॅ पार्ले: ते, त्या

सहा रूपांपैकी चार कानाला सारखीच, 'आवॅ'. लिहिताना मात्र तीन शेपट्या आहेत: मी आणि तू यांना ए-आय-एस, तो-ती यांना ए-आय-टी, ते-त्या यांना ए-आय-ई-एन-टी. या शेवटच्या शेपटीतलं ई-एन-टी उच्चारात येत नाही, म्हणून ते लिहायचं राहतं. आणखी एक गोष्ट बहुतेक पुस्तकं सांगत नाहीत. नुसत्या आंपार्फॅत 'तो बोलायचा' आणि 'ते बोलायचे' कानाला एकच येतात. प्ल्यूस-क-पार्फॅत तसं होत नाही, कारण सहायक क्रियापद स्वराने सुरू होतं आणि अनेकवचनी सर्वनामाचा शेवटचा एस 'झ' होऊन पुढे जोडला जातो. इलावॅ म्हणजे एकटा, इल झावॅ म्हणजे अनेक. हा 'झ' गिळलात तर समोरच्याला एकवचन ऐकू जातं.

बोलण्यात फ्रेंच लोक 'नू' ऐवजी सर्रास 'ओं' वापरतात. त्याला तो-तीचंच रूप: ओं नावॅ पार्ले. मधला 'न' हा जोडउच्चार आहे, नकार नव्हे. नकारार्थी वाक्यही 'ओं नावॅ पा पार्ले' असंच ऐकू येतं, पण लिहिताना तिथे एन आणि अपॉस्ट्रॉफी खरोखरच लागते. श्रुतलेखनात ही चूक नेहमी सापडते.

'नू' आणि 'वू' यांच्या रूपांत लक्ष द्यायचं ते 'य'कडे. नू झावों पार्ले म्हणजे 'आम्ही बोललो', नू झाव्यों पार्ले म्हणजे 'आम्ही बोललो होतो'. लिखाणात फरक एका आय या अक्षराचा, बोलण्यात फक्त त्या 'य'चा. 'वू झावे' आणि 'वू झाव्ये' यांचंही तेच. या दोन जोड्या मोठ्याने, आलटूनपालटून म्हणाव्यात. बाकीच्या चार रूपांना एवढा सराव लागत नाही.

आता दुसरा भाग. नियमित क्रियापदांचे तीन गट, त्यांची तीन धातुसाधितं. ई-आर ने संपणाऱ्यांचं ई-आर जातं आणि तिरप्या रेघेचा ई येतो: पार्ले, फॅर्मे (बंद केलं), रेझॅर्वे (आरक्षण केलं), आश्ते (विकत घेतलं). आय-आर वाल्यांचं आर जातं, आय उरतो: फिनी (संपवलं), श्वाझी (निवडलं). आर-ई वाल्यांचं आर-ई जाऊन यू येतो: वांद्यू (विकलं), आतांद्यू (वाट पाहिली), पॅर्द्यू (हरवलं), रेपोंद्यू (उत्तर दिलं). म्हणजे 'जावॅ फिनी', 'नू झाव्यों वांद्यू', 'इल झावॅ आतांद्यू'. झालं.

पहिला गट फारच सरळ आहे. ई-आर ने संपणाऱ्या एकाही क्रियापदाचं धातुसाधित अनियमित नाही, वर्तमानकाळात वेडंवाकडं चालणाऱ्या 'आले' (जाणे) याचंसुद्धा नाही. वर्तमानकाळात 'आश्ते' वर चढणारी उलटी रेघ, 'आपले' (बोलावणे) यातला दुप्पट होणारा एल, 'कोमांसे'च्या सीखाली येणारी शेपटी, 'मांजे'त मध्येच शिरणारा जादा ई, या सगळ्या भानगडी इथे नाहीशा होतात. धातुसाधित मूळ रूपावरून बनतं आणि मूळ रूपात त्या नसतात. तिसऱ्या गटात मात्र एक सापळा आहे. 'वांद्र' (विकणे) आणि 'प्रांद्र' (घेणे) ऐकायला भावंडं वाटतात, पण 'प्रांद्र' नियमित नाही. त्याचं होतं 'प्री', 'प्रांद्यू' कधीच नाही. दुसऱ्या गटातही आय-आर पाहून भुलू नये. 'पार्तीर', 'दॉर्मीर', 'सॉर्तीर' यांची धातुसाधितं नियमित दिसतात, पार्ती, दॉर्मी, सॉर्ती. पण 'उव्रीर' (उघडणे) चं 'उव्हॅर' होतं आणि 'कुरीर' (धावणे) चं 'कुर्यू'.

'पार्ले' हे मूळ रूप आणि 'पार्ले' हे धातुसाधित, दोन्हींचा उच्चार एकच. त्यामुळे 'जावॅ'च्या पुढे ई-आर लिहून टाकणं ही पहिल्या गटातली सर्वांत जास्त होणारी चूक आहे. यावरचा तोडगा फ्रेंच शाळांतलाच आहे: त्या जागी 'वांद्र' गटातलं क्रियापद घालून पाहायचं. 'जावॅ वांद्यू' बरोबर वाटतं, 'जावॅ वांद्र' वाटत नाही. 'वांद्यू' बसलं की तिरप्या रेघेचा ई. ती रेघ ऐच्छिक नाही. ती नसली की शब्द चुकला. मोबाइलवर ई दाबून धरला की रेघांचे पर्याय वर येतात. विंडोजमध्ये आल्ट धरून आकड्यांच्या वेगळ्या कळफलकावर 130.

आता 'ऍत्र'. त्याचं आंपार्फॅ असं: जेतॅ, त्यू एतॅ, इलेतॅ, नू झेत्यों, वू झेत्ये, इल झेतॅ. शेपट्या त्याच. आंपार्फॅ बनवताना एरवी वर्तमानकाळातल्या 'नू'च्या रूपाची शेपटी काढून उरेल ते घेतात; हा नियम मोडणारं क्रियापद हे एकच आहे, म्हणून ते पाठच करावं.

'ऍत्र' कोणाला लागतं? वर्गात डॉक्टर अँड मिसेस व्हॅन्डरट्रॅम्प नावाची आद्याक्षरांची यादी देतात. त्यातली बरीचशी अनियमित आहेत. नियमित आणि रोजच्या वापरातली हवीत तर एवढीच धरा: आरिवे (पोचणे), आंत्रे (आत येणे), रांत्रे (परत घरी येणे), मोंते (चढणे), देसांद्र (उतरणे), रॅस्ते (राहणे, थांबणे), तोंबे (पडणे), रतुर्ने (परतणे), पासे (वाटेत येऊन जाणे). त्यांत 'आले' मिळवा. आणि 'स' लागणारी सगळी आत्मवाचक क्रियापदं: ज मेतॅ लवे, मी उठलो होतो.

इथे मराठी अर्ध्या वाटेपर्यंत मदत करते. 'ती पोचली होती', 'पाऊस पडला होता' हे कर्तरी प्रयोग, आणि फ्रेंचमध्येही कर्त्याशी जुळणारं ऍत्र: एलेतॅ आरिवे, ला प्लुई एतॅ तोंबे. 'तिने मासे विकले होते' हा कर्मणी, आणि तिथे आव्वार. पण हा ताळा सगळीकडे लावू नका. 'ती झोपली होती', 'ती चालली होती', 'ती पोहली होती' मराठीत कर्तरीच आहेत आणि फ्रेंचमध्ये तिघींनाही आव्वार लागतं. हालचाल कशी झाली हे सांगणाऱ्या क्रियापदांना (चालणे, पोहणे, धावणे) आव्वार. जागा बदलली हे सांगणाऱ्यांना ऍत्र. गोव्यात ज्यांच्या घरी पोर्तुगीज येतं त्यांची अडचण वेगळी. पोर्तुगीजमध्येही हा काळ सहायक अधिक धातुसाधित असाच बनतो, पण 'पोचणे'लाही तेच सहायक चालतं, म्हणून ते लोक 'इलावॅ आरिवे' म्हणून मोकळे होतात.

यादीतली मोंते, देसांद्र, रांत्रे, रतुर्ने, पासे ही कर्म घेतलं की आव्वारकडे जातात. इलेतॅ देसांद्यू म्हणजे तो उतरला होता. इलावॅ देसांद्यू ले पानिये म्हणजे त्याने टोपल्या उतरवल्या होत्या. मराठी जिथे उतरणेचं उतरवणे करते, चढणेचं चढवणे करते, तिथे फ्रेंच क्रियापद तसंच ठेवून सहायक बदलते. मराठीत 'वणे' सुचलं की आव्वार, एवढं लक्षात ठेवलं तरी बहुतेक वेळा भागतं.

जुळणीबद्दल, म्हणजे धातुसाधिताला स्त्रीलिंगाचा ई आणि अनेकवचनाचा एस लावण्याबद्दल, विद्यार्थी अकारण घाबरतात. नियमित क्रियापदांची धातुसाधितं ई, आय, यू या स्वरांनी संपतात, त्यामुळे पुढे ई लागो वा एस, उच्चार बदलतच नाही. पाहुण्यांशी बोलताना हा प्रश्न उद्भवतच नाही. परीक्षेच्या कागदावर उद्भवतो.

कागदावरचे नियम दोन. ऍत्र असेल तर कर्त्याशी जुळवा. ती पोचली होती, तर जादा ई. ते पोचले होते, तर एस. त्या पोचल्या होत्या, तर ई आणि एस. इथे मराठी आदरार्थी अनेकवचन आडवं येतं. एकट्या पाहुणीला आपण 'तुम्ही आला होतात' असं अनेकवचनात म्हणतो आणि मग फ्रेंचमध्येही एस लावतो. फ्रेंच 'वू' आदरार्थी असलं तरी माणूस एक असेल तर धातुसाधित एकवचनीच राहतं: वू झेत्ये आरिवे, बाईंसाठी फक्त एक जादा ई, एस नाही.

आव्वार असेल तर कर्त्याशी जुळणी कधीच नाही. कर्माशी जुळणी तेव्हाच, जेव्हा प्रत्यक्ष कर्म क्रियापदाच्या आधी आलेलं असतं. मराठी माणसाची इथली चूक उलट्या दिशेची. 'मी जमीन विकली होती', 'मी घर विकलं होतं' असं कर्मागणिक क्रियापद फिरवायची आपल्याला जन्मापासून सवय, म्हणून 'जावॅ वांद्यू ला मॅझों' यात 'मॅझों' स्त्रीलिंगी दिसल्याबरोबर हात वांद्यूला ई लावायला जातो. लावायचा नाही, घर मागून आलं आहे. तेच घर आधी आलं, 'ला मॅझों क जावॅ वांद्यू', मी विकलेलं घर, की ई लावायचा. सर्वनामाचंही तसंच: ज लावॅ वांद्यू, मी ते विकलं होतं, इथे 'ल' घराबद्दल असेल तर ई. लिंग फ्रेंचचं पाहायचं, मराठीचं नव्हे. आंबा आपला पुल्लिंगी, फ्रेंचमध्ये 'ला मांग' स्त्रीलिंगी. बांगडा 'ल माकरो' पुल्लिंगीच. कोळंबी 'ला क्रवॅत', दोन्हीकडे स्त्रीलिंगी.

यातल्या दोन बारीक गोष्टी. 'आं' या सर्वनामाशी जुळणी करत नाहीत: आंबे विषय असले तरी 'जां नावॅ आश्ते' (मी घेतले होते त्यातले काही) यात आश्ते साधंच. आणि मराठीतला 'ना' प्रत्यय फसवतो. 'त्यांना पाहिलं होतं' आणि 'त्यांना सांगितलं होतं' यांत आपल्याला एकच 'त्यांना' दिसतो. फ्रेंचमध्ये पहिलं प्रत्यक्ष कर्म, दुसरं अप्रत्यक्ष. अप्रत्यक्ष कर्म आधी आलं तरी जुळणी नाही. ज लर आवॅ पार्ले, मी त्यांच्याशी बोललो होतो: एस नाही. ज ले झावॅ आतांद्यू, मी त्यांची वाट पाहिली होती: इथे एस, कारण 'आतांद्र' फ्रेंचमध्ये प्रत्यक्ष कर्म घेतं, मराठीत 'ची वाट' म्हटलं म्हणून काही फरक पडत नाही. आत्मवाचकातही हाच न्याय. तिने स्वतःला धुतलं होतं, तर जादा ई. तिने हात धुतले होते, 'एल सेतॅ लावे ले मॅं', तर नाही, कारण कर्म हात आहेत आणि ते मागे आहेत.

नकाराला वेळ घालवू नका. 'न' आणि 'पा' सहायकाला वेढतात, धातुसाधित बाहेर राहतं: ज नावॅ पा फिनी. सर्वनाम असलं तर ते 'न'च्या आत: ज न लावॅ पा वांद्यू. 'देजा' (आधीच), 'पा झांकोर' (अजून नाही), 'जामॅ' (कधीच नाही), 'तूजूर' (नेहमी) हे सहायक आणि धातुसाधित यांच्या मध्ये. प्रश्न 'ॲस क' लावून करा, सोपं पडतं. उलटून विचारलंत तर 'आवॅ तिल फिनी?', मधला टी उच्चारायचा.

आता लाल रेघेकडे.

मराठीत 'गेलो होतो' दोन कामं करतं. एक, भूतकाळातल्या एका घटनेच्या आधी दुसरी घडली होती हे सांगणं: आम्ही स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती. दोन, घटना घडून संपली, तिचा आत्ताशी संबंध राहिला नाही, एवढंच सांगणं: काल गोव्याला गेलो होतो, मागच्या वर्षी गणपतीला गावी गेलो होतो, लहानपणी एकदा पडलो होतो. फ्रेंच प्ल्यूस-क-पार्फॅ फक्त पहिलं काम करतो. दुसऱ्या कामाला पासे कोंपोझे, म्हणजे 'गेलो', 'बोललो' असा साधा भूतकाळ लागतो: यॅर, ज सुई झाले आ गोआ. 'यॅर, जेतॅ झाले आ गोआ' असं म्हटलंत तर फ्रेंच माणूस पुढच्या वाक्याची वाट पाहत बसेल: गेला होतात, मग? त्यानंतर काय झालं? व्याकरण बरोबर, वाक्य अर्धवट. तपासणाऱ्याची लाल रेघ याबद्दलची.

म्हणून लिहिण्याआधी एक गोष्ट शोधा: या घटनेनंतरची दुसरी भूतकाळी घटना वाक्यात किंवा मागच्या वाक्यात आहे का? नसेल तर हा काळ नाही. असेल तर मराठी वाक्यात 'आधीच' घालून पाहा. 'गाडी आधीच सुटली होती' जमतं. 'काल आधीच गोव्याला गेलो होतो' जमत नाही, मागेपुढे काही असल्याशिवाय. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. 'ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू झाली तेव्हा त्यांनी जाळी आधीच दुरुस्त केली होती' हे निखळ प्ल्यूस-क-पार्फॅचं वाक्य: इल झावॅ देजा रेपारे ले फिलॅ.

मात्र दोन घटना आहेत म्हणून एक प्ल्यूस-क-पार्फॅत ढकलायलाच हवी असंही नाही. घडल्या त्याच क्रमाने सांगत असाल, 'त्याने दुकान बंद केलं आणि घरी गेला', तर दोन्ही पासे कोंपोझे. हा काळ लागतो तो सांगता सांगता मागे वळलात की: 'तो घरी गेला. दुकान त्याने बंद केलं होतं.' आणि 'जेवून निघालो' यातल्या 'ऊन'साठी फ्रेंचकडे वेगळी सोय आहे, 'आप्रॅ झाव्वार मांजे'. तिथे हा काळ ओढून आणू नये.

आता उलट बाजू, जिथे मराठीत 'होतं' दिसत नाही आणि फ्रेंचला हा काळ हवाच असतो. अशा जागा तीन आहेत.

पहिली जागा 'लेला'ची. 'त्याने आणलेली कोळंबी मी साफ केली.' मराठीत कुठेही 'होती' नाही, सगळं एका विशेषणात मिटलं. फ्रेंचमध्ये ते विशेषण उलगडून वाक्य करावं लागतं आणि ते वाक्य आधीचं असल्यामुळे: जे नेत्वाये ले क्रवॅत किलावॅ आपॉर्ते. कोळंबी आधी आली म्हणून आपॉर्तेला ई आणि एस. 'विकलेला', 'ठेवलेला', 'सांगितलेला' दिसला आणि मुख्य क्रियापद भूतकाळात असलं की थांबून विचार करा. बी1 च्या उत्तरपत्रिकांत सर्वांत जास्त निसटणारी जागा हीच.

दुसरी जागा दुसऱ्याचं बोलणं सांगताना. मराठी बोलणाऱ्याचे शब्द जवळजवळ तसेच ठेवते: 'तो म्हणाला की खोली बुक केली आहे.' सांगणं भूतकाळात गेलं म्हणून फ्रेंचमध्ये आतलं वाक्यही एक पायरी मागे जातं: इल आ दी किलावॅ रेझॅर्वे. इथे पासे कोंपोझे लिहिणं ही मराठी सवयीची सरळ नक्कल आहे. तक्रार, निरोप, फोनवर काय ठरलं होतं, हे सगळं याच साच्यात येतं, त्यामुळे होमस्टेवाल्यांना हा साचा रोज लागेल.

तिसरी जागा 'तर'ची. 'आरक्षण केलं असतं तर खोली मिळाली असती.' मराठीत दोन्हीकडे 'असतं'. म्हणून मराठी विद्यार्थी फ्रेंचमध्येही दोन्हीकडे संकेतार्थाचं रूप घालतो. फ्रेंचमध्ये 'सी'च्या (जर) बाजूला प्ल्यूस-क-पार्फॅ आणि दुसऱ्या बाजूला भूतकाळी कोंदिसियोनॅल: सी जावॅ रेझॅर्वे, जोरॅ त्रूवे यून शांब्र. 'सी जोरॅ' हे कधीही नाही. फ्रेंच मुलंसुद्धा इथे चुकतात, म्हणून त्यांना शाळेत 'ले सी नॅम पा ले रॅ' असं घोकायला लावतात: 'सी'ला 'रॅ' आवडत नाही. ('सी' म्हणजे करवत आणि 'रॅ' म्हणजे पाकट मासा असाही अर्थ निघतो, त्यामुळे ते पोरांच्या लक्षात राहतं.) नुसती हळहळही याच रूपात: सी सल्मां जावॅ आतांद्यू, थांबलो असतो तर!

एका जागी मात्र मराठी आणि फ्रेंच एकदम जुळतात. समोर उभं राहून आपण अदबीने 'एक विचारायला आलो होतो' म्हणतो ना, फ्रेंचमध्येही ते तसंच चालतं: जेतॅ वन्यू वू दमांदे. 'वनीर' अनियमित आहे, पण एवढं वाक्य तयार ठेवा. पाहुण्यांच्या दारावर टकटक केल्यावर उपयोगी पडतं.

सरावासाठी तिन्ही गटांतलं एकेक क्रियापद घ्या, रेझॅर्वे, फिनीर, आतांद्र, आणि चौथं ऍत्रवालं देसांद्र. प्रत्येकाची सहा रूपं आधी होकारी, मग नकारी, मग 'देजा' घालून. सलग म्हणत बसू नका. पुरुष चिठ्ठ्यांवर लिहून उलटसुलट काढा, नाहीतर 'जावॅ त्यू आवॅ' ही चाल पाठ होते आणि सुटं 'वू झाव्ये' वेळेला आठवत नाही. लेखी सरावात तपासणी ठरलेल्या क्रमाने करा: सहायक कोणतं, त्याची शेपटी, धातुसाधित, आणि सगळ्यात शेवटी जुळणी. जुळणीपासून सुरुवात केली की सहायकच चुकलेलं राहून जातं.

डेल्फ बी1 च्या लेखी भागात 45 मिनिटांत किमान 160 शब्द लिहायचे असतात. तेवढ्यात हा काळ तीन-चारदा, योग्य जागी आला की पुरे. परिच्छेद कसा बसतो ते पाहा:

यॅर, जे आतांद्यू अं कूप्ल द ल्यों. इल झावॅ रेझॅर्वे त्रुआ नुई. जावॅ प्रेपारे ला शांब्र ए मा फाम आवॅ आश्ते द्यू प्वासों. ल स्वार, इल झों तेलेफोने: इल झेतॅ देसांद्यू आ कुडाळ.

काल मी ल्योंच्या एका जोडप्याची वाट पाहिली. त्यांनी तीन रात्रींचं आरक्षण केलं होतं. मी खोली तयार केली होती आणि बायकोने मासे आणले होते. संध्याकाळी त्यांचा फोन आला: ते कुडाळला उतरले होते. (उतरायचं होतं सावंतवाडीला, हे पुढच्या वाक्यात.)

वाट पाहणं आणि फोन येणं या कथेच्या मुख्य घटना, म्हणून दोन्ही पासे कोंपोझेत. आरक्षण, खोली, मासे हे सगळं वाट पाहण्याच्या आधीचं. उतरणं फोनच्या आधीचं. 'मा फाम' स्त्रीलिंगी असली तरी आश्तेला ई नाही, कारण सहायक आव्वार आहे आणि मासे मागून आले आहेत. देसांद्यूला एस आहे, कारण सहायक ऍत्र आणि उतरणारे दोघं. एक पुरुष, एक बाई, म्हणून पुल्लिंगी अनेकवचन. पहिल्या वाक्यातलं 'जे आतांद्यू' चुकून 'जावॅ आतांद्यू' झालं, तर पुढची दोन वाक्यं कशाच्या आधीची हेच कळणार नाही.